'चिमणी उड'मध्ये कुणी बाद नको

महोदय,
बालवाडीतल्या मुलांना 'राजधानी कोणती?' असे पाठांतराचे प्रश्न विचारून प्रश्नमंजूषा घेऊ नये. 'चिमणी उड' त्याहून कितीतरी सरस. सहा-सात मुलांनी गोलात बसून जमिनीवर बोट टेकवायचं, बाईंनी 'कावळा उड, म्हैस उड' म्हणायचं, उडणारं नाव आलं तरच बोट वर. चुकलेल्याला बाद मात्र करू नका. ज्याला सराव हवा, तोच मग नुसता बसून राहतो. 'कोंबडी उड'वर वाद होतो, तो जरूर होऊ द्यावा!

दुसरा खेळ पिशवीचा. कापडी पिशवीत लिंबू, चमचा, कंगवा, वाटी एवढंच. न बघता, चाचपून ओळखायचं. मूल अडलं तर लगेच उत्तर सांगू नये, मनात पाच आकडे मोजून 'गोल की लांब?' विचारावं. मणी, चिंचोके नकोत, ते तोंडात जातात.

– एक बालवाडी शिक्षिका