चौथा प्रश्न मोठ्याने वाचायला लावणाऱ्या बाईंना

बाई, सप्रेम नमस्कार.

पाचवीतली गोष्ट. गणिताचा पेपर माझ्यापुढे ठेवून तुम्ही म्हणालात, "चौथा प्रश्न मोठ्याने वाच." मी वाचला: 'राजूकडे 12 गोट्या आहेत. त्या सीमाकडच्या गोट्यांपेक्षा 5 ने कमी आहेत. तर सीमाकडे किती?' मी 7 लिहिलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "जास्त गोट्या कुणाकडे?" "सीमाकडे," म्हणता म्हणताच मी जीभ चावली. 12 आणि 5 मिळून 17 होतात हे मला येत नव्हतं थोडंच! 'कमी' दिसलं की वजाबाकी, असं डोक्यात घट्ट बसलं होतं, बस.

तोवर सगळ्यांचं निदान एकच: पोर गणितात कच्ची. गणित कच्चं नसून वाचन घाईचं आहे, हे फक्त तुम्ही ओळखलंत. मग प्रत्येक पेपरात तीच तऱ्हा सापडत गेली. 'फरक स्पष्ट करा' असं विचारलं की मी दोन व्याख्या एकाखाली एक लिहून मोकळी व्हायची. फरक राहायचाच. 'सकारण लिहा' असेल तर उत्तर बरोबर, कारणाचा पत्ता नाही. तुम्ही पेन्सिलीने शेवटच्या क्रियापदाला गोल करायला लावायचात. मला तेव्हा तो पोरखेळ वाटायचा, खरं सांगते.

पुढे शिक्षिका व्हायच्या तयारीत असताना ॲन न्यूमन हे नाव वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या या बाईंनी 1977 मध्ये मुलांच्या चुका तपासायची एक पद्धत मांडली. चुकलेलं उदाहरण समोर ठेवून मुलाला विचारायचं: प्रश्न वाचून दाखव, काय विचारलंय ते सांग, कोणत्या रीतीने सोडवशील, करून दाखव, उत्तर लिही. बऱ्याच चुका आकडेमोड सुरू होण्याआधीच झालेल्या असतात, असं त्यांना दिसलं. वाचताना मला तुमचा आवाज ऐकू येत होता. तुम्ही त्यांचं काही वाचलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता पेपर मी काढते, आणि टेबलाच्या या बाजूला बसल्यावर कळतं की दर वेळी चूक मुलांचीच नसते. परवा विज्ञानाच्या पेपरात मीच लिहिलं होतं, 'खालीलपैकी कोणते विधान चूक नाही?' चूक शोधायची की बरोबर? वर्गातली हुशार मुलंसुद्धा इथे अडखळतात, आणि त्यात विज्ञान किती येतं ते कळतच नाही. खोडलं. 'बरोबर विधान निवडा' असं लिहिलं. तुम्ही पाहिलं असतंत तर नक्की भुवया उंचावल्या असत्या: इतकी वर्षं शिकवून अजून हे?

आभार मानायला एवढा उशीर का झाला, याचं सकारण उत्तर माझ्याकडे नाही. थोडक्यात लिहायचं तर, आळस.

तुमची,
चौथ्या प्रश्नाला 7 लिहिणारी