कार्यशाळेत प्राध्यापकांच्या हाती खडू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या डिग्री कॉलेजांत प्राध्यापकांसाठी कार्यशाळा होत असतात. बहुतेकींचा क्रम ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, स्वागत, बीजभाषण, चहा, एक पीपीटी, जेवण, आणखी एक पीपीटी, प्रमाणपत्रे आणि फोटो. सकाळी दहाला हजेरीपत्रकावर सही केलेला प्राध्यापक संध्याकाळी पाचपर्यंत एकदाही फळ्यापाशी जात नाही. शिकवण्याच्या कार्यशाळेत कुणी शिकवतच नसेल, तर त्या दिवसाचा वर्गातल्या मुलांना काय उपयोग? म्हणून हे पत्र.

आपल्याकडे प्राथमिक शाळेत शिकवायला डी.एड. लागते, हायस्कूलला बी.एड. लागते, पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) लेक्चररलाही बी.एड. मागतात. डिग्रीच्या वर्गावर मात्र माणूस एम.ए., एम.कॉम. आणि नेट किंवा केसेट या पात्रता परीक्षांच्या बळावर थेट उभा राहतो. विषय पक्का असतो, पण ऐंशी मुलांसमोर तो मांडायचा कसा हे कुणी शिकवलेले नसते. ही उणीव भरून काढायलाच यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीने पहिल्या बढतीसाठी २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स सांगितला. २०२३ पासून असे कोर्स मालवीय मिशनच्या नावाने चालतात. त्यांतले बरेच ऑनलाइन असतात आणि कॅमेरा बंद ठेवून पुरे करता येतात. बढतीची अट त्यातून भागते, शिकवणे होते तिथेच राहते.

यावर चांगला उपाय आहे आणि तो महागही नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७०च्या दशकाच्या अखेरीस कम्युनिटी कॉलेजांच्या शिक्षकांसाठी एक पद्धत बेतली गेली. तिथेही प्रश्न हाच होता. माणसे आपापल्या कामात तरबेज होती, शिकवण्याचे प्रशिक्षण मात्र नव्हते. त्यांनी भाषणे कमी केली आणि प्रत्येकाला दहा मिनिटांचा पाठ घ्यायला लावले. बी.एड. झालेल्यांना आपले सूक्ष्म अध्यापन आठवेल. ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण (म्हणजे अभिप्राय), १२ मिनिटे फेरनियोजन, मग पुन्हा ६ मिनिटे पाठ आणि ६ मिनिटे प्रत्याभरण, असे ते ३६ मिनिटांचे चक्र. दोन्हींचे मर्म एकच, पाठ घेणे, अभिप्राय ऐकणे आणि सुधारून पुन्हा पाठ घेणे.

आपल्या कॉलेजात हे असे बसवता येईल. २४ प्राध्यापक असतील तर सहा-सहाचे चार गट करावेत. चार वर्गखोल्या आणि प्रत्येक गटाला एक गटप्रमुख. एका पाठाला एकूण ४० मिनिटे द्यावीत: १० मिनिटे फळा आणि साहित्य लावायला, १० मिनिटे पाठ, ७ मिनिटे लेखी अभिप्राय आणि १३ मिनिटे तोंडी. दहाला सुरुवात केली तर मधे २० मिनिटांचा चहा धरून एकपर्यंत चार पाठ होतात. जेवणानंतर दोनला उरलेले दोन घेतले की तीन वीसला फेरी संपते आणि पाचपर्यंतचा वेळ इतर कामाला राहतो. असे तीन दिवस चालवले की प्रत्येकाचे तीन पाठ होतात. पहिला पाठ बहुतेकांचा फसतो. त्याने नाउमेद होऊ नये, सुधारणा तिसऱ्या दिवशी दिसते.

दहा मिनिटांत काय घ्यावे? एकच मुद्दा. उदाहरणादाखल घसारा घेऊ. पहिल्या मिनिटात मुलांच्या ओळखीच्या गोष्टीशी जोडणी करावी: ८०,००० रुपयांची पिठाची गिरणी तीन वर्षांनी विकायला काढली तर ८०,००० येतील का? पुढच्या अर्ध्या मिनिटात उद्दिष्ट सांगावे, की पाठ संपेपर्यंत तिसऱ्या वर्षअखेरची किंमत दोन पद्धतींनी काढता आली पाहिजे. आणखी अर्धा मिनिट पूर्वचाचणीला: ८०,००० चे १० टक्के वहीत लिहा. इथेच ज्यांची टक्केवारी कच्ची आहे ते कळतात. मग पाच मिनिटे मुलांच्या हातात. अर्ध्या वर्गाने दर वर्षी सारखा घसारा धरायचा, म्हणजे ८,००० तीनदा वजा करून ५६,००० उरतात. उरलेल्यांनी घटत्या शिल्लकेवर धरायचा, म्हणजे ८,०००, मग ७,२००, मग ६,४८० वजा होऊन ५८,३२० उरतात. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी आले की फरक का पडला हे मुलेच सांगतात. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत दुसऱ्या वर्षीही मूळ किमतीवरच टक्के काढणे ही नेहमीची चूक, तीही तिथेच उघडी पडते. नंतरची दोन मिनिटे उत्तरचाचणीला: ४०,००० रुपयांचे यंत्र, दोन वर्षे, १० टक्के. उत्तरे ३२,००० आणि ३२,४००. शेवटच्या मिनिटात गोळाबेरीज.

वेळ संपली की उत्तरचाचणीच पहिली गाळली जाते. तसे होऊ देऊ नये, कारण पाठ पोहोचला की नाही हे तिच्यावाचून कळत नाही. दहा मिनिटांनी गटप्रमुखाने घंटा वाजवावी आणि वाक्य अर्धे राहिले तरी पाठ थांबवावा. दोनदा असे झाले की माणूस तिसऱ्या वेळी सहभागाचा भाग आधीच आटोपशीर बेततो.

अभिप्रायाच्या वेळी काय बिघडते तेही सांगायला हवे. गटप्रमुख आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. म्हणून आधी पाठ घेणाऱ्याने स्वतः बोलावे, मग सहकाऱ्यांनी आणि शेवटी गटप्रमुखाने. 'छान झाला, आत्मविश्वास होता' हा अभिप्राय नव्हे. 'चौथ्या मिनिटाला तुम्ही प्रश्न विचारलात आणि उत्तरही तुम्हीच दिलेत' हा अभिप्राय. अर्ध्या पानाच्या कागदावर तीनच प्रश्न छापावेत: मी काय शिकलो, कुठे अडलो, पुढच्या पाठात कोणती एक गोष्ट बदलावी. विभागप्रमुख आणि त्यांच्याच विभागातले नवे शिक्षक एका गटात घालू नयेत, नवे लोक तोंड उघडत नाहीत. एका विषयाचे सहाही एकत्र नकोत, चर्चा शिकवण्यावरून विषयावर घसरते. अर्थशास्त्राच्या पाठाला रसायनशास्त्राचा शिक्षक विद्यार्थी म्हणून बसला की त्याला खरोखरच न कळलेले कुठे आहे ते नेमके हाती लागते.

मोबाइलवर चित्रण जरूर करावे. मात्र मोबाइल मागच्या भिंतीला टेकवून ठेवला की फळा दिसतो आणि आवाज पंख्यात बुडतो. तो दुसऱ्या बाकावर स्टँडला लावावा आणि दुसरा एक मोबाइल टेबलावर फक्त आवाजासाठी ठेवावा. सहा पाठांचे तासभराचे चित्रण मावेल एवढी जागा आदल्या रात्रीच मोकळी करून ठेवावी. चित्रण ज्याचे त्यालाच द्यावे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. एकदा ते फिरले की पुढच्या वेळी कुणीही मोकळेपणाने पाठ घेणार नाही.

चित्रण बघताना एकच गोष्ट घड्याळ लावून मोजायला सांगावी: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हे मोजले, तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. आपल्याकडे तर 'समजलं का?' म्हटले की 'होय सर' असा एका सुरात आवाज येतो आणि तास पुढे सरकतो. तो होकार पहिल्या तीन बाकांचा असतो.

आता सीमाभागाचा खास प्रश्न. मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झालेली मुले पुढे इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात बसतात. शिकवणारे कुणी धारवाड-विजापूरकडचे, त्यांना मराठी येत नाही. कुणी मराठी, त्यांची कन्नड कामापुरती. यात दोष कुणाचा नाही, पण मुलांची अडचण खरी आहे, आणि बाहेरून आलेल्या एकाही पीपीटीत तिच्यावर उपाय नसतो. तीन वीसनंतरचा वेळ या कामाला द्यावा. प्रत्येकाने आपल्या एका घटकातले पंधरा शब्द आणावेत आणि मराठी व कन्नड जाणणाऱ्यांनी जोडीने बसून तक्ता करावा. रकाने चार: इंग्रजी शब्द (देवनागरी उच्चारासह), मुलांनी शाळेत शिकलेला मराठी शब्द, कन्नड शब्द आणि एका ओळीत अर्थ. डेप्रिसिएशनला घसारा, कन्नडात सवकळी. दोन्हींत झिजण्याचाच भाव आहे, तो धरून शिकवले तर कन्नड आणि मराठी दोन्ही मुलांना एकदमच कळते. जमा, खर्च, बाकी, वसुली हे शब्द तर दोन्हीकडे चालतात. त्यांच्यापासून सुरुवात करावी.

सावध राहायचे ते सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. मराठीत 'अवसर' म्हणजे संधी, कन्नडात घाई. कन्नडात संधीला 'अवकाश' म्हणतात, आपल्याकडे अवकाश म्हणजे मोकळी जागा किंवा मोकळा वेळ. 'अनुमान' मराठी मुलाला निष्कर्षाच्या जवळचे वाटते, कन्नड बोलण्यात तो संशय. तर्कशास्त्र किंवा संख्याशास्त्राच्या तासाला हा शब्द सहज वापरला की अर्धा वर्ग वेगळेच काही ऐकतो. आकड्यांचेही तसेच आहे. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, कन्नडातल्या नलवत्तेळूत आणि इंग्रजीतल्या फोर्टी सेव्हनमध्ये चाळीस आधी. तोंडी आकडे सांगितले की मराठी माध्यमाची मुले घाईत ४७ चे ७४ लिहितात, ताळेबंद जुळत नाही, आणि शिक्षकाला वाटते मुलाला हिशेब येत नाही. आकडा फळ्यावर लिहूनच सांगायचा, एवढी एक सवय कार्यशाळेतून लागली तरी अकाउंटन्सीच्या वर्गाचे बरेच काम होईल.

प्रश्नपत्रिकेचे काम दुसऱ्या दिवशी तासाभरात उरकते. प्रत्येकाने आपली मागची प्रश्नपत्रिका आणावी आणि 'टिपा लिहा', 'स्पष्ट करा' यांनी सुरू होणाऱ्या प्रश्नांवर लाल खूण करावी. मग त्यांतले दोन प्रश्न असे बदलावेत की गाइड पाठ करून उत्तर लिहिता येणार नाही.

तारखांचा घोळ मात्र मोठा आहे. कर्नाटकात २०२१-२२ ला नवे शैक्षणिक धोरण आले आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची डिग्री झाली. अभ्यासक्रम इतक्या लवकर बदलले की हाताशी असलेले दिवस त्यांची माहिती देण्यातच जातात. उरलेल्या कार्यशाळा दोन सेमिस्टरच्या मधे लावतात. तेव्हा कायम प्राध्यापक मोकळे असतात, हे खरे. पण सरकारी कॉलेजांत शिकवण्याचा मोठा भार ज्यांच्यावर आहे त्या अतिथी प्राध्यापकांच्या हातात त्या दिवसांत नेमणुकीचा आदेशच नसतो. ते येणार कसे, आणि त्या दिवसाचे मानधन देणार कोण? त्यांना ओओडी (बाहेरच्या कामाला गेल्यावर हजर धरणे) नाही, प्रवासखर्च नाही. आमचे स्पष्ट मत आहे की कार्यशाळा सेमिस्टर सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून घ्यावी, सलग तीन दिवसांऐवजी तीन शनिवारी घ्यावी, आणि अतिथी प्राध्यापकांचे ते तास कामाचे धरावेत. जुलै टाळावा. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे तेव्हा पावसाने बस कधी येईल याचा भरवसा नसतो. निपाणीच्या शिक्षकाला बेळगावला बोलवायचे तर जवळपास ७५ किलोमीटर, येऊन-जाऊन अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा गटप्रमुखांनी निपाणीला जावे.

शेवटच्या शनिवारी काम संपत नाही. सहा आठवड्यांनी गटातल्या एका सहकाऱ्याने दुसऱ्याच्या खऱ्या वर्गात अर्धा तास बसावे. आधी दहा मिनिटे बोलून काय पाहायचे ते ठरवावे. हातात बाकांचा आराखडा घ्यावा आणि जे मूल बोलले त्याच्या जागेवर टिंब द्यावे. तासानंतर पंधरा मिनिटे तो आराखडा दोघांनी मिळून पाहावा. टिंबे पुढच्या बाकांवरच साठली असतील तर पुढच्या तासाला कुठे उभे राहायचे आणि कुणाला विचारायचे हे निराळे सांगावे लागत नाही. हा कागद प्राचार्यांकडे जाऊ नये आणि गोपनीय अहवालाला जोडला जाऊ नये.

कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत शिक्षकांच्या सक्षमीकरणाला जागा आहे, त्यासाठी फोटो आणि हजेरी लागते, हे आम्हाला मान्य आहे. फोटो काढावेतच, पण ते पाठ घेणाऱ्या शिक्षकाचे काढावेत.

राणी चन्नम्मा विद्यापीठाने आणि कॉलेजांच्या व्यवस्थापनांनी यंदाच्या वेळापत्रकात असे तीन शनिवार राखून ठेवावेत, अशी विनंती. ज्या कॉलेजात २४ शिक्षक जमणार नाहीत तिथे सहा जणांपासून सुरुवात करता येते. एक खोली, एक फळा, भिंतीवरचे घड्याळ, दोन मोबाइल आणि अर्ध्या पानाचे तीस अभिप्राय-कागद (सहा पाठ, प्रत्येकी पाच सहकारी), एवढे एका शनिवारी पुरते.

कळावे,

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील काही महाविद्यालयीन शिक्षक