गर्भजलाच्या कागदावर सही केली आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर मी अर्धेच सांगितले. एकोणतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्याने कळा थांबवणाऱ्या गोळ्या आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने चालू आहेत, एवढे तुम्हाला ठाऊक आहे. आज सकाळी मी गर्भजल तपासणीलाही संमती दिली. आधी विचारायला हवे होते. पण विचारले असते तर बाबांनी रात्रभर येरझाऱ्या घातल्या असत्या.

आई, ‘गर्भजल’ म्हटले की तुला ऐंशीच्या दशकातल्या, मुलगा की मुलगी ते सांगणाऱ्या तपासणीच्या त्या जाहिराती आठवतील, ज्यांच्या काळात १९८८ साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. ही तपासणी त्यासाठी नाही. तू विचारलेस, ‘अंगात ताप आहे का?’ नाही. लहानपणी तुझा उपडा हात कपाळाला टेकला की दुखण्याचा निकाल लागायचा, पण पाणमोटेतला, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीतला, जंतुसंसर्ग पुष्कळदा तापाशिवायच दबा धरून बसतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत खऱ्या, मात्र स्टेरॉइडनेही त्या वाढतात. म्हणून सोनोग्राफीत पाहत बारीक सुईने थोडे पाणी काढायचे, त्यातल्या पेशी व साखर मोजायची आणि जंतू दिसतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. साखर डेसिलिटरला १५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर संशय बळावतो. हे काही तासांत कळते. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, दोन-तीन दिवस लागतात. संसर्ग निघाला तर कळा रोखून धरणे दोघांनाही धोक्याचे, म्हणून हे आजच कळायला हवे.

बाबा, ‘अँटिबायोटिक आधीच का देत नाहीत?’ हा तुमचा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. ब्रिटनमधल्या ओरॅकल अभ्यासात, पाणमोट शाबूत असताना ती सरसकट दिल्याने प्रसूती लांबली नाही. उलट २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ती औषधे घेतलेल्या आयांच्या सात वर्षांच्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहण्याचे, प्रमाण थोडे अधिक आढळले. सुईचाही किंचित धोका आहेच, तो मी समजून घेतला आहे.

माझी खाट खिडकीपाशी आहे, सुहास घरून मऊ भात आणि मेतकूट आणतो, आणि नवजात अतिदक्षता विभाग याच मजल्यावर आहे. बाबा, रात्रीची एसटी पकडू नका, रक्तदाबाची गोळी चुकवू नका आणि हे पत्र सुहासने मोबाइलवर पाठवले की आईला सावकाश वाचून दाखवा. आई, दुपट्यांसाठी तुझी जुनी सुती पातळे धुऊन ठेव. नवे काही आणू नकोस.

तपासणी चार वाजता आहे. पाचला सुहासच फोन करील, तोवर तुम्ही करू नका.

तुमची,
ताई