काशीची भांग आणि पेढ्यांचा डबा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

महाशिवरात्र जवळ आली की नाशिकरोडहून काशीला जाणाऱ्यांची रीघ लागते. गेल्या वर्षी आमच्या भजनी मंडळाच्या चौदा जणी गेलो होतो. परतीला महानगरी एक्स्प्रेस. भुसावळला रेल्वे पोलीस कुत्रं घेऊन डब्यात चढले. कुत्र्यानं आमच्या चपला हुंगल्या, गंगेचे गडू हुंगले आणि ते पुढे गेलं. माझ्या समोरच्या बाकावरची मैत्रीण मात्र पाय वर घेऊन डोळे मिटून जप करत बसली होती. मला वाटलं, कुत्र्याला घाबरते.

घरी आल्यावर उलगडा झाला. पेढ्यांच्या डब्याखाली प्लॅस्टिकची पुडी, आत बोराएवढ्या हिरव्या गोळ्या. फोन केला तर म्हणते कशी, "अगं, भांग आहे. ह्यांनी मागवली होती. सरकारी दुकानातली आहे, पाटी वाचूनच घेतली. तुझ्या पिशवीत जागा होती म्हणून ठेवली."

पाटी खरी होती. काशीत गल्लीच्या तोंडाशी भांगेची परवानाधारक दुकानं मीही पाहिली. पण तो परवाना उत्तर प्रदेशचा. माझा भाचा वकिली करतो. त्यानं सांगितलं ते असं : 1985 च्या अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून त्याच झाडाची पानं वाटून केलेली भांग राज्यांच्या हाती राहिली. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय भांग जवळ बाळगणं हा त्याखाली गुन्हा आहे. म्हणजे वाराणसीला उजळ माथ्यानं घेतलेली पुडी महाराष्ट्राच्या हद्दीत शिरली की गुन्ह्याचा मुद्देमाल. शिवाय वाटणाऱ्यानं पानांबरोबर शेंडेही वाटले असतील तर ती भांग नव्हे, गांजाच. ते प्रयोगशाळा ठरवणार, दुकानाची पाटी नाही. गांजा किलोच्या आत असला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"पण मला माहीतच नव्हतं," मी म्हटलं. तो हसला. या केंद्रीय कायद्यात माल तुमच्या ताब्यात सापडला की तो तुम्हाला ठाऊक होता असंच कोर्ट धरून चालतं. नव्हता, हे आपण सिद्ध करायचं. पिशवी माझी, कुलूप माझं, किल्ली माझ्या मंगळसूत्रात अडकवलेली. काय सिद्ध करणार होते मी?

2019 साली मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं होतं. नातेवाईक बाईनंच सहल घडवली आणि सोबत एक पुडकं दिलं. दोहाच्या विमानतळावर त्यात चार किलोंवर चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली, बाळंतपण तुरुंगात झालं. 2021 मध्ये निर्दोष सुटले, तेही इथं तपास होऊन खरं बाहेर आलं म्हणून. तेव्हा पेपरात वाचून मी हळहळले होते. आपल्या पेढ्यांच्या डब्याशी त्याचा संबंध लागेल असं कुठं वाटलं होतं!

यात्रा कंपनीनं आम्हाला दोन पानी सूचना दिल्या होत्या : स्वेटर, बॅटरी, गोळ्या-औषधं, आधारची झेरॉक्स, दागिने घालू नका. त्यात आणखी एक ओळ बसली असती, की भांग, ठंडाईचा तयार मसाला किंवा दुसऱ्यानं दिलेलं बंद पुडकं सामानात घेऊ नका. आपणही यात्रांच्या दिवसांत एवढी चौकट छापावी, अशी विनंती. हिमाचलात कसोलला ट्रेकला जाणाऱ्या पोरांच्या आयांनी तर ती कापून ठेवावी. तिथून येतो तो चरस, आणि त्याला कमी शिक्षेसाठी किलोची नाही, शंभर ग्रॅमची मर्यादा आहे.

गोळ्या मी मोरीत सोडल्या. मैत्रिणीनं दोन महिने अबोला धरला. यंदा पुन्हा चौदा जणी निघतोय, तीही आहे. पिशव्या ज्याच्या त्यानं भरायच्या आणि दुसऱ्याच्या पिशवीची चेन उघडायची नाही, असं मंडळाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्यात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड