फूटपट्टीबद्दल आभार, बाई

आदरणीय बाई,

मुलीच्या जात पडताळणीचं प्रमाणपत्र हातात पडलं. पेढे पाठवले, फोनही केला. पण जे सांगायचं होतं ते फोनवर जमेना, घसा दाटून आला. म्हणून चारचौघांत लिहितोय.

इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो, हे आता आम्हाला झोपेतही पाठ आहे. तो शोधताना आम्ही काय काय ऐकलं! "साहेब मीटिंगला गेलेत", "वाळवीनं खाल्लं असेल", "एवढं जुनं कोण ठेवतं?" एका महाशयांनी तर कपाटाकडे मानसुद्धा न वळवता रेकॉर्ड नाही म्हणून सांगितलं. चहापाण्याचं सुचवणारेही भेटले. जाऊ द्या.

आणि मग सातारा जिल्ह्यातल्या आमच्या वाडीवरची ही शाळा. दुपारची खिचडी उरकून तुम्ही पत्र्याच्या पेटीतून पांढऱ्या कापडात बांधलेली जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळाप्रवेशाच्या नोंदवह्या, काढलीत. जुन्या पानांवर लोकल बोर्डाचा शिक्का, पुढे स्कूल बोर्डाचा, त्यावर जिल्ह्याचं नाव 'उत्तर सातारा'. सांगली तेव्हा दक्षिण सातारा होती ना! १९६२ पासून जिल्हा परिषद. आधी पानभर मुलगेच, मग मधूनच एखादी मुलगी, आणि पुढे पुढे मुलींची नावं मोजायचीच गरज उरत नाही. देवळाच्या ओवरीत भरणारी शाळा कौलारू खोलीत कधी आली, स्लॅब कधी टाकला, हे गावात कुणी धड सांगत नाही. पोरं मात्र दरसाल वाढत गेलेली त्या पानांवर दिसतात.

१९३१ च्या पानावर आजोबा सापडले. खरं तर तुम्ही नाव वाचून दाखवून मोकळ्या झाला असता तरी आमचं काम झालं असतं. पण तुम्ही स्वतःची खुर्ची आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, दिलीत, रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलंत आणि त्या ओळीखाली फूटपट्टी धरलीत. पहिलीतल्या पोराला धरतात तशी. दादांचं वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू. एकेक रकाना ते बोटानं वाचत गेले. शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण : गुरे राखणे'. तिथं ते थांबले. तुम्ही पट्टी हलवली नाहीत, घाई केली नाहीत. बाहेर मुलं दंगा करत होती, तिकडेही गेला नाहीत.

आपला बाप तिसरीपर्यंत शिकलाय, हे दादांना त्या दिवशी कळलं. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्येच शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना रुपया दंड. आमच्या वाडीवर कुणी सक्ती केली नव्हती. तरी पणजोबांनी पोराला शाळेत घातलं, हे आता दादा येईल त्याला सांगत असतात.

जिल्हा परिषदेच्या शाळांना नावं ठेवणं आता फॅशन झालीय. पटसंख्या घटली, इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बस वाडीवर आल्या. त्यांतल्या एकीत आमचीही भाचरं बसतात, नाकारत नाही. पण चार पिढ्यांची नावं जपली ती त्या पत्र्याच्या पेटीनं, आणि ती पेटी पावसाळ्यात बाकावर उचलून ठेवणाऱ्या तुमच्यासारख्या माणसांनी.

शाळेला एक लोखंडी कपाट द्यायचं दादांच्या मनात आहे. नियमात बसत असेल तर केंद्रप्रमुखांना विचारून कळवा. दिवाळीच्या सुट्टीआधी आणून ठेवतो, वाळवीच्या औषधासकट.

तुमचा ऋणी,
एक माजी विद्यार्थी (आणि पालक)