जुने सर्फबोर्ड भिंतीला टांगू नका, पाण्यात आणा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात कुस्तीच्या मैदानाची बातमी येते, लेले मैदानावरचं फुटबॉल येतं, क्रिकेट तर रोजच. आज मी समुद्रावरच्या सर्फिंगबद्दल लिहितोय, बेळगावच्या माणसानं लिहिलंय म्हणून बाजूला टाकू नका ही पहिली विनंती. चोर्ला घाटातनं पणजी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आपली पोरं शनिवार आला की तिकडं निघतातच, त्यातली थोडी आता सर्फिंग शिकायला लागलीत. हे पत्र त्यांच्यासाठी आहे, आणि गोवा-कारवारकडं ज्यांच्या घरात जुने सर्फबोर्ड पडून आहेत त्यांच्यासाठी तर आहेच आहे.

मी उद्यमबागमध्ये फायबरचं काम करतो. टाक्या, गाड्यांचे बंपर, मशीनची कव्हरं, गणपती जवळ आले की मंडळांचे साचे. सात-आठ वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसानं गोव्याहून एक मोडका बोर्ड पाठवला. बेळगावातनं रोज रात्री भाजीच्या गाड्या गोव्याला जातात आणि येताना रिकाम्या येतात, त्यातल्याच एका गाडीत कोथिंबिरीच्या क्रेटवर तो आडवा बांधून आला. शेजारचे वेल्डिंगवाले मामा बघून म्हणाले, हे काय करूलालास रे, दार हाय की होडी? मी तरी कुठं बघितला होता आधी, फायबर म्हणजे फायबर असं समजून नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन कालवलं आणि भेगेत ओतलं. पाच मिनिटात आत चुर्र आवाज आला आणि हाताएवढा खड्डा पडला. तो नव्या पद्धतीचा बोर्ड होता, आत थर्माकोल, वरनं एपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्माकोल खातं. मखराच्या थर्माकोलला चुकीचा रंग लावला की काय होतं हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण माहीत आहे आणि मी त्याच धंद्यातला माणूस असून विचार केला नाही. दुसऱ्याचा बोर्ड माझ्या हातनं गेला त्याचं मला आजही वाईट वाटतं. भरपाई दिली, आणि तेव्हापासनं कुठलाही बोर्ड आला की आधी आत काय आहे ते बघायचं, मग हात लावायचा.

त्यामुळं झालं काय की बोर्ड आतनं कसा असतो ते मला आधी कळलं आणि लाटेवर कसा चालतो ते नंतर. पुढं एक नऊ फूट सहा इंचाचा बोर्ड आला, पिवळा पडलेला, खाली मागच्या बाजूला एकच मोठा फिन म्हणजे माशाच्या परासारखं पातं, वजन बारा किलोच्या पुढं. मडगावकडचे एक रिटायर्ड काका आहेत, त्यांना तो फार वर्षांपूर्वी मायदेशी परत जाणाऱ्या एका परदेशी माणसानं देऊन टाकलेला. भेगेतनं पाणी आत गेलेलं. भेग खाली करून आठ दिवस टांगून ठेवला तरी थेंब गळतच होते आणि वर्कशॉपभर खाऱ्या पाण्याचा आंबूस वास. वरचं सुटलेलं फायबर कापून काढलं तर आत अजून एक जुनी दुरुस्ती, कुणीतरी हातानं लावलेलं कापड, त्याची वीण स्पष्ट दिसत होती, आणि मधल्या लाकडी पट्टीच्या बाजूला फोमवर पेन्सिलीनं आकडे लिहिलेले. लांबी, रुंदी, जाडी आणि पुसट झालेली सही. बनवणाऱ्यानं रंधा मारून झाल्यावर स्वतःच्या हातानं लिहिलेलं. त्या आकड्यांवरनं माझं ग्राइंडर फिरलं नाही, तेवढा भाग तसाच ठेवून वरनं पारदर्शक रेझिन चढवलं.

काका बोर्ड न्यायला आले ते म्हणाले, तू एवढं केलंस, एकदा पाण्यात बघायला तरी ये. पहाटे तीनला निघालो, भाच्याला बरोबर घेतलं. लवकर अशासाठी की सकाळी समुद्र तेलासारखा गुळगुळीत असतो, दुपार झाली की समुद्रावरनं वारा सुटतो आणि सगळी लाट विस्कटते. तिथं दहा-बारा जण जमलेले आणि प्रत्येकानं आपापला बोर्ड वाळूवर उलटा मांडलेला. एकमेकांचे बोर्ड उचलून बघतायत, कडेवरनं हात फिरवतायत, खालचा बाक डोळ्याच्या रेषेत धरून बघतायत, आपल्याकडं बैल घेताना बघतात तसं अगदी. ठरलेलं एवढंच की आज कुणी फक्त स्वतःच्या बोर्डवर बसायचं नाही, अदलाबदल करायची.

मुल्कीकडं शिकलेली एक मुलगी होती. मुल्की म्हणजे आपल्याच कर्नाटकात मंगळूरजवळ, तिथला मंत्रा सर्फ क्लब २००४ पासनं चालू आहे आणि देशातल्या सर्फिंगची सुरुवात सांगताना त्याचं नाव घ्यावंच लागतं. तिचा बोर्ड सहा फुटाच्या आतबाहेर, जेमतेम तीन किलोचा, खाली तीन फिन. लाटेच्या तळाला जाऊन कचकन वळायची आणि वर लाटेच्या ओठावर पाण्याची झाडी उडवायची, सगळा खेळ मागच्या पायावर. काका त्याच लाटांवर नऊ फुटी घेऊन गेले. लाट अजून उठायची होती तेव्हाच बोर्ड सरकायला लागला, ते उभे राहिले आणि एका पायापुढं दुसरा टाकत, पाय फरफटत नाही हं, तुळशीभोवती प्रदक्षिणा घालावी तसं सावकाश पुढच्या टोकापर्यंत चालत गेले आणि पायाची बोटं टोकाबाहेर काढून उभे. हलत नाहीत डुलत नाहीत. माझ्या अंगावर काटा आला. मी त्या टोकावर तीन थर चढवले होते आणि तिथं माणूस उभा होता.

मग बदली झाली. मुलीला नऊ फुटी वळवताच येईना, ती जोर लावते आणि तो आपला सरळच जातो. काका काठावरनं ओरडतायत, धांवूं नाका, चल! तिसऱ्या-चौथ्या लाटेला तिला कळलं की हा बोर्ड जोरानं वळत नाही, आधी मागं चालत जायचं, शेपटीवर भार द्यायचा, मग नाक उचलून तो आपोआप फिरतो. काका तिच्या बोर्डवर पोटावर झोपले तर कमरेपर्यंत पाण्यात. तरी दोन लाटा घेतल्या त्यांनी, आणि बाहेर येऊन तिला विचारत होते की गुडघा आत कसा वळवतेस ते परत दाखव. सत्तरीच्या आसपासचा माणूस वीस-बावीस वर्षांच्या पोरीला विचारतोय, आणि ती पण मान देऊन सांगतेय. ते बघूनच हे पत्र लिहायचं डोक्यात आलं.

आता नवं-जुनं म्हणजे काय ते पण नीट सांगायला पाहिजे, नाहीतर पोरांना वाटतं नवं तेवढं चांगलं. हवाईमध्ये लाकडाच्या अखंड फळ्या होत्या, राजघराण्यातल्यांची ओलो लांबलचक आणि साध्या माणसांची अलाया छोटी पातळ, एकीलाही फिन नाही. फिन लावला टॉम ब्लेक या अमेरिकन माणसानं १९३५ साली. मग हलकं बाल्सा लाकूड आलं, १९५८ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात होबी आल्टरनं पॉलियुरेथिन फोमचे बोर्ड काढले आणि काम झटपट व्हायला लागलं. १९६७ पर्यंत सगळे नऊ-दहा फुटी चालवायचे, तिथनं पुढं दोन-तीन वर्षांत लांबी धडाधड खाली आली. तीन फिनवाला बोर्ड सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियनचा, १९८१ साली त्यानं त्यावर ऑस्ट्रेलियातली बेल्स बीच आणि हवाईतली पाइपलाइन दोन्ही स्पर्धा मारल्या, आणि पेटंट न घेता ती कल्पना सगळ्या जगाला वापरू दिली. आज बरेच बोर्ड त्याच पद्धतीचे. त्या दिवशी अजून एक बोर्ड होता, माशाच्या शेपटीसारखा मागं दुभंगलेला, दोन फिनचा, पोरं म्हणाली एकदम लेटेस्ट आहे. तो आकार १९६७ चा, सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिस नावाच्या तरुणानं गुडघ्यावर बसून चालवायला केलेला. आज नव्या फोममध्ये, नव्या रेझिनमध्ये तोच आकार परत येतोय, म्हणजे जुनं कुठं संपलंय?

माझ्या भाच्याचं सांगतो. रिल्स बघून बघून त्यानं पाच फूट दहाचा बोर्ड घेतला, २९ लिटरचा. बोर्ड किती तरंगतो ते लिटरमध्ये मोजतात, आणि शिकणाऱ्यानं साधारण आपल्या वजनाचे जेवढे किलो तेवढे लिटर तरी धरावेत. हा ८० किलोचा. दुकानदारानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. सहा महिने गोव्याला जाऊन हात मारून मारून दमला, एक लाट धड मिळाली नाही, कारण गोव्याची लाट बहुतेक वेळा छोटी आणि मऊ, तिला मोठं अंग लागतं. विकून टाकायला निघाला होता. काकांच्या जुन्या बोर्डवर त्या सकाळी तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला आणि काठापर्यंत आला, वाळू लागेपर्यंत! आला तो रडत होता. पैसे किती लागले? शून्य. दुसऱ्याचा बोर्ड अर्धा तास मिळाला एवढंच.

आणि असले बोर्ड कुठं जातायत बघा. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मी जेवायला गेलो तर भिंतीवर जुना सिंगल फिन, त्यात चार स्क्रू ठोकलेले, वर रंग फासून माशांच्या थाळीचे दर लिहिलेले. मालकाला म्हटलं विकता का, तर म्हणाला शो चांगला दिसतो. त्या रंगाखाली पण कुणाचेतरी पेन्सिलीचे आकडे असणार. बोर्ड जपायचाच असेल तर त्याची पण रीत आहे. ड्यूक कहानामोकू म्हणून हवाईचा पोहणारा, १९१२ आणि १९२० ला ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सोनं घेतलेला, तो १९१४-१५ च्या मोसमात सिडनीजवळ फ्रेशवॉटरला गेला, तिथंच पाइनच्या फळीतनं स्वतः बोर्ड बनवला आणि लोकांना सर्फिंग करून दाखवलं. तो बोर्ड तिथल्या क्लबनं शंभरावर वर्षं झाली तरी सांभाळून ठेवलाय. तसं सांभाळणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. माळ्यावर उंदरांना किंवा थाळीच्या दराला देणार असाल तर मात्र आहे.

बोर्ड दुसऱ्याला द्यायचा म्हटलं की लोक कचरतात, मोडेल म्हणून. बरोबर आहे, महाग वस्तू आहे. खरं मोडलेलं नीट होतं, आणि जास्त भीती माणसाची पाहिजे. जुन्या बोर्डांना पायाला बांधायची दोरी नसायची, बारा किलोचा बोर्ड सुटून लाटेबरोबर पोहणाऱ्यांच्या अंगावर गेला तर काय होईल विचार करा. काकांच्या बोर्डला मी दोरीसाठी प्लग बसवला. ते आधी तयार नव्हते, जुन्या वस्तूला भोक पाडू नको म्हणाले, त्यांचं चुकीचं होतं असं पण नाही. मी म्हटलं, काका फक्त तुम्ही चालवणार असाल तर राहू दे, पोरांच्या हातात देणार असाल तर भोक पाडावं लागेल. रात्रभर विचार करून सकाळी फोन केला, पाड म्हणाले.

अजून एक गोष्ट जी मला फार लागते. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात आपल्या बेळगावच्या कॉलेजच्या सहलीतले ८ जण बुडून गेले. तो दिवस इथलं कुणी विसरलेलं नाही, त्या दिवशी मी वर्कशॉप उघडलं नव्हतं. आपण घाटावरची माणसं, विहिरीत, कॅनॉलमध्ये पोहायला शिकलेली, समुद्राचं पाणी कसं ओढतं ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्या सकाळी पाण्यात उतरायच्या आधी काकांनी सगळ्यांना दहा मिनिटं नुसतं उभं केलं आणि दाखवलं, दोन्हीकडं लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा शांत दिसतोय, नवखा माणूस तिथंच उतरतो, आणि पाणी आत ओढलं जातं ते तिथनंच. सापडलात तर काठाकडं सरळ झुंजू नका, दम जातो, किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत जा, ओढ संपली की मग काठाकडं वळा. हे माझ्या भाच्यानं घरी येऊन त्याच्या कॉलेजच्या ग्रुपला सांगितलं. जुना बोर्ड जुन्या माणसाबरोबर पाण्यात आला तर हे पण बरोबर येतं, दुकानातनं घेतलेल्या नव्या बोर्डबरोबर येत नाही.

ऑलिंपिकमध्ये टोकियोपासनं सर्फिंग आलंय. २०२५ साली महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत भारताच्या रमेश बुदिहाळनं कांस्यपदक घेतलं, त्याची तुमच्या पेपरात मोठी बातमी मी शोधत होतो. पुढच्या वेळी द्या, एवढं मागतो.

आता कामाचं. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं नाहीच, दसरा झाला की समुद्र निवळतो, तेव्हापासनं आम्ही महिन्यातनं एकदा रविवारी असं जमणार आहोत. खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलाही पोरगा-पोरगी या, बोर्ड नसला तरी या, पोहता मात्र आलं पाहिजे. ज्यांच्याकडं जुना बोर्ड आहे त्यांनी भाजीच्या गाडीतनं पाठवून द्या, मी फक्त रेझिन-कापडाचे पैसे घेईन, मजुरी नको, आणि त्या बदल्यात महिन्यातनं एक सकाळ तो दुसऱ्याला चालवायला द्यायचा. माझा नंबर तुमच्या ऑफिसमध्ये देऊन ठेवलाय. पाठवताना फक्त बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका, आतला फोम तापून फायबर फुग्यासारखं सुटतं, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि आत थर्माकोल आहे की फोम ते माहीत असेल तर चिठ्ठीवर लिहा.

आपला,
एक वाचक
उद्यमबाग, बेळगाव