हॅम्बुर्गहून, धाकट्याच्या गिटारीबद्दल

ती. आई-बाबांस, शि. सा. नमस्कार.

मी ठणठणीत आहे, खोकला गेला. बाबा, इथल्या रेपरबान रस्त्याचं नाव ऐकून घाबरू नका. वस्ती बदनाम आहे हे खरं, पण मी दिवसाउजेडी जाते आणि उजेडातच परतते.

गिटारीच्या आवाजावरून धाकट्याचं शेजाऱ्यांशी वाजल्याचं कळलं. इथे तर आवाजाचं प्रस्थ विचारू नका. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्याही टाकायच्या नाहीत, कारण पिंपात पडताना खळ्ळकन वाजतात! त्यातही पांढरी, तपकिरी, हिरवी काच वेगळी. निळी हिरवीत जाते. आणि अनामत भरलेली बाटली यात टाकायचीच नाही, ती दुकानातल्या यंत्राला द्यायची, अनामत परत मिळते. एवढा विचार लोक लग्न ठरवतानाही करत नसतील.

पण याच तक्रारींनी बीटल्स या इंग्रज बँडलाही सोडलं नाही. १७ ऑगस्ट १९६०ला ते इथल्या इंद्रा क्लबात वाजवायला लागले तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांचा पुढचा ड्रमर रिंगो अजून दुसऱ्याच बँडमध्ये. ड्रमवर पीट बेस्ट, बेस गिटारवर स्टुअर्ट सटक्लिफ. झोपायला एका थिएटरच्या पडद्यामागची खोली, शेजारी संडास. माणशी रोजचे ३० मार्क. एरवी रात्री साडेचार तास: ८ ते ९:३०, १० ते ११, ११:३० ते १२:३०, १ ते २. शनिवार-रविवारी सहा तास. गाणं तीन मिनिटांचं धरलं तर साडेचार तासांना नव्वद गाणी लागतात. तेवढी कुठून आणणार? मग मिळेल ते बसवायचं, एकेक गाणं ताणायचं, एकाचा गळा बसला की दुसऱ्याने गायचं. नुसतं उभं राहून वाजवलं की मालक ओरडायचा, ‘माख शाऊ!’ म्हणजे काहीतरी करून दाखवा. अशा ४८ रात्री झाल्या, तक्रारी वाढल्या आणि त्यांना त्याच रस्त्यावरच्या कायझरकेलर क्लबात हलवलं. नोव्हेंबरात त्यांच्यातल्या जॉर्जला मायदेशी परत पाठवलं: वय १७, आणि रात्री दहानंतर अठराच्या आतल्यांना क्लबात मनाई.

म्हणून धाकट्याला सांगा, महागड्या गिटारीचा हट्ट नको. बीटल्समधल्या पॉलने १९६१मध्ये इथेच व्हायोलिनच्या आकाराचा होफनर कंपनीचा बेस घेतला, एक तर स्वस्त म्हणून, आणि दुसरं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे डावखुऱ्याच्या हातात उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. सरावाच्या तासांचं मात्र त्याला रोज विचारा. रात्री दहानंतर अँप्लिफायर बंद. तारांवरची बोटं तशीही फिरवता येतात. बाबा, त्याचं बारावीचं मला कळतं. त्याची बाजू घेते असं म्हणू नका.

या महिन्याचे पैसे पाच तारखेला टाकते. गिटारीचे वेगळे पाठवीन, घराच्या हप्त्यात धरू नका. गणपतीला जमत नाहीये, गेल्या वर्षीही असंच लिहिलं होतं, माहीत आहे. आई, त्या स्थळाला एवढ्यात हो म्हणू नकोस. फोटो पाठव, बघते. आणि बाबांच्या गुडघ्याचं काय झालं, ते दोघांपैकी कुणीच कळवलं नाही.

तुमची,
ताई (धाकट्याच्या भाषेत)